तेवीस घरं बघितली, वही भरली, निर्णय होत नाहीये

वहीवाली
नमस्कार. इतकी वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेले चौदा महिने आम्ही घर शोधतोय. आजवर २३ बघून झाली. प्रत्येक घराला वहीत एक पान, प्रत्येक पानावर ४१ रकाने. उजेड, वारा, पाणी, जिना किती अरुंद, कचरा कुठे टाकतात, खिडकीतून काय दिसतं, सगळं. नवरा म्हणतो, तू घर घेणार नाहीस, तू पीएचडी घेणार आहेस.

आता अडचण अशी की १९ नंबरचं घर डोक्यातून जात नाहीये. त्यानंतर चार बघितली, पण प्रत्येकात मी त्याचंच काहीतरी शोधत होते. इमारत १४ वर्षांची, घर तिसऱ्या मजल्यावर, वर आणखी एक मजला. कोपऱ्यातल्या खोलीला दोन बाजूंनी खिडक्या. त्या खिडकीत उभी राहिले आणि ४१ रकाने विसरले. हेच मला खटकतंय. इतर घरांत मी नळ सोडून बघते, दारं आपटून बघते. इथे पाच मिनिटं पडदे कुठले लावायचे याचा विचार करत होते.

दोनदा बघून आलो, दोन्ही वेळा रविवारी सकाळी अकराला, कारण एजंटला तीच वेळ जमते. घर चार महिने बंद आहे. स्वच्छ आहे, आतल्या खोलीत एका भिंतीला नुकताच रंगही दिलाय. मालक शांत, सभ्य. किंमत पहिल्यांदा ऐकली तेव्हा छातीत धडकी भरली होती, पण आता बरीच खाली आलीय, म्हणजे वाजवी म्हणायला हरकत नाही.

तर दोन प्रश्न. आणखी काय तपासू? आणि तपासणं थांबवायचं कधी? कृपया कुणी 'घर पाहावं बांधून' म्हणू नका. सासूबाई रोज म्हणतात.

घाईगडबड
घर पाहावं बांधून. सॉरी, राहवलं नाही.

सातवा_मजला
ताई, माझी चूक सांगतो, तुमच्या वहीत ४२वा रकाना करा.

मी घर थंडीत बघितलं. तीन वेळा, तिन्ही वेळा सकाळी. झोपायच्या खोलीची मोठी भिंत पश्चिमेला आहे हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि मे महिन्यात रात्री दहाला त्या भिंतीला पाठ टेकणं वेगळं. दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्याला खिडकीवरचा छज्जा अडवतो. मावळतीकडचा सूर्य खाली उतरलेला असतो, तो छज्जाखालून थेट आत येतो. भिंत दुपारभर ऊन पिते आणि आपण आडवे झालो की ते परत द्यायला लागते. तुमच्या त्या दोन खिडक्या कुठल्या दिशांना आहेत ते लिहिलं नाहीत. अकरा वाजता सगळीच घरं सुंदर दिसतात हो.

दुसरं, पाणी. मी सगळ्यात वर, गच्चीवरची टाकी अगदी डोक्यावर, मला वाटलं पाणी धो धो येणार. उलटं असतं. टाकी नळापेक्षा जितकी उंच तितका दाब. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. माझ्या शॉवरच्या वर टाकी जेमतेम अडीच मीटर, म्हणजे पाव बार. शॉवर नुसता गळतो. पंप बसवला तेव्हा कुठे आंघोळ झाली. तुमच्यावर एक मजला आहे, त्यामुळे बरं असेल, पण दोन नळ आणि फ्लश एकदम सोडून बघा. एकटा नळ कुणाचाही चांगला असतो.

आणि एजंटशिवाय जा. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात, मग रात्री साडेदहा. घरात जायची गरज नाही. जिन्यात दहा मिनिटं उभं राहा. लिफ्टची मोटर, वरच्यांची खुर्ची सरकवणं, खाली गाड्या लावण्यावरून चाललेली भांडणं, सगळं फुकट ऐकायला मिळतं.

गवंडीपुत्र
वडील गवंडी, मी सिव्हिल. तीस वर्षं दुसऱ्यांची ओल शोधतोय.

'एका भिंतीला नुकताच रंग' हे तुम्ही स्वच्छतेच्या कौतुकात लिहून पुढे गेलात, माझं वाचन तिथेच थांबलं. घर विकायचं म्हणून माणूस सगळ्या भिंती रंगवतो, नाहीतर एकही रंगवत नाही. एकच रंगवतो तेव्हा त्या भिंतीला काहीतरी झालेलं असतं. मुलाने रेघोट्या मारल्या असतील, असंही होतं. पण त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे? बाथरूम असेल तर रेघोट्यांवर माझा विश्वास नाही.

करायला सोपी गोष्ट सांगतो. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा कागद घ्या, चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेतला दमटपणा आहे. नवा रंग ओल थोडी धरून ठेवतो, म्हणून दोनाचे तीन दिवस केलेत तर उत्तम. मालक नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच झालं.

पण एक गोम आहे. घर चार महिने बंद. म्हणजे त्या घराच्याच पाइपातून गळत असेल तर भिंत एव्हाना वाळलेली असणार आणि तुमचं प्लॅस्टिक कोरडं निघणार. म्हणून आधी मुख्य कॉक उघडा, गरम पाण्याच्या लाइनसकट सगळं चालू करा, बाथरूममध्ये बादल्या ओता, आणि मग प्लॅस्टिक लावा. पाण्याचं मीटर असेल तर सगळे नळ बंद करून अर्धा तास आकडा बघत बसा. एकही नळ चालू नसताना काटा सरकला तर पाणी कुठेतरी जातंय. इतकं करूनही काही निघालं नाही तर वरच्यांचं बघावं लागेल.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. पाणी भिंतीतून येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. नव्या रंगाने ते झाकलं जातं, पण फर्निचरच्या मागे, स्कर्टिंगच्या वर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगारी तितका मन लावून काम करत नाही. तिथे टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका मारा. फुगवटे सावलीत दिसतात.

भेगांचं लोक फार मनाला लावून घेतात. केसाएवढी, वेडीवाकडी, गिलाव्यातली भेग म्हणजे गिलावा वाळताना आकसलाय. ती असू द्या. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग असेल, त्यात नाणं सरकवता येत असेल, तर पाया एका बाजूने बसतोय का हे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मला त्याहून भीती बाथरूमच्या छताची. काँक्रीट नवं असताना त्याचा पीएच बारा-तेरा असतो, तोवर सळई सुखरूप. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, पीएच नऊच्या खाली येतो, त्यात ओल मिळाली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटच आतून फोडतो. फॉल्स सीलिंग असेल तर एक पॅनेल काढायला सांगा आणि वर बघा. काठीने ठोकून बघा. भरीव आवाज यायला हवा. ढबढब वाजलं तर आत पोकळ झालंय.

वहीत ४१ रकाने आहेत म्हणालात. त्यात 'आदल्या मालकाने काय दुरुस्त केलं' हा आहे का?

वहीवाली
@गवंडीपुत्र, नाहीये. 'भिंतींचा रंग आवडला का' हा आहे. लाज वाटली. आणि हो, भिंतीपलीकडे बाथरूम आहे.

कागदी_वाघ
ओलीवर सगळं आलंय, मी कागदावर बोलते. पोटापाण्यासाठी खरेदीखतंच वाचते.

लोकांना वाटतं, नोंदणी झालीय म्हणजे मालकी पक्की. जगात दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि त्याची हमी सरकार घेतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्सने ही सुरू करवली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. दुसऱ्या पद्धतीत फक्त एवढंच नोंदलं जातं की या दोघांत असा असा दस्त झाला. विकणाऱ्याकडे विकायला मालकी होती का, हे नोंदवही सांगत नाही, ते तुम्ही शोधायचं. आपल्याला कुठली पद्धत लागू आहे हे पहिल्या दिवशी वकिलाला विचारा, कारण किती मागे जायचं हे त्यावर ठरतं.

मग साखळी. आजच्या मालकाला कुणाकडून मिळालं, त्याला कुणाकडून, प्रत्येक कडीचा कागद. मूळ कागद बघा, झेरॉक्स नको. मूळ कागद 'सापडत नाहीये' म्हणाले तर तो कुठल्यातरी कर्जापोटी गहाण पडलेला असू शकतो. बोजा फिटल्याचं पत्र मागा. कुणी वारलं असेल तर वारस किती, आणि सगळे सही करणार आहेत का. परदेशातल्या भावाचं कुलमुखत्यारपत्र दाखवलं तर भावाला फोन करा. ज्याने ते दिलं तो हयात आहे ना, एवढं तरी कळायला हवं. मंजूर नकाशा घेऊन घरात फिरा. नकाशात बाल्कनी आणि प्रत्यक्षात खोली असेल तर ती खोली तुम्ही विकत घेताय, पण ती कागदावर नाहीये.

तुमचे मालक शांत आणि सभ्य आहेत हे वाचून बरं वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या भानगडींतले बहुतेक मालक शांत आणि सभ्यच असतात.

मागच्या_बाकावरून
'बरीच खाली आली म्हणून वाजवी' हे वाक्य परत वाचा. कशाच्या खाली? एजंटनेच सांगितलेल्या आकड्याच्या.

१९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी अमेरिकेत टुसॉनमध्ये एक प्रयोग केला. एकच घर, तीच माहितीपत्रकं, फक्त मागितलेली किंमत वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी सांगितली. घर फिरून आल्यावर सगळ्यांनी अंदाज दिले, आणि ज्यांना आकडा मोठा सांगितला होता त्यांचे अंदाजही मोठे आले. विद्यार्थ्यांचे तर आलेच, मुरलेल्या एजंटांचेही आले. आणि एजंट म्हणत होते, आम्ही मागितलेल्या किमतीकडे बघत नाही! तेव्हा पहिला आकडा वहीतून खोडा आणि त्याच भागात प्रत्यक्षात झालेले दोन-चार व्यवहार शोधा. जाहिरातीतले आकडे नकोत, दस्तातले हवेत. क्षेत्रफळ स्वतः टेप घेऊन आतून आतून मोजा आणि तुलना त्यावर करा.

कर्ज काढणार असाल तर एक हिशोब भिंतीवर लावून ठेवा. ८ टक्के दराने १०० घेतले तर १५ वर्षांत साधारण १७२ फेडता, २० वर्षांत २०१, ३० वर्षांत २६४. वीस वर्षांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातलं ८० टक्के नुसतं व्याज असतं. हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत वाढवताना हे कुणी बोलत नाही.

थांबायचं कधी? गणितात याचं एक गाजलेलं उत्तर आहे. समजा ४० घरं बघायची तयारी आहे. पहिली ३७ टक्के, म्हणजे १५ घरं, नुसती बघा, काही घेऊ नका. त्यानंतर आधीच्या सगळ्यांहून सरस असं पहिलं घर आलं की घ्या. तुमचं १९वं नेमकं तसं निघालं की! पण या गणितात गेलेलं घर परत मिळत नाही आणि घराकडे एक नजर टाकली की त्याचं सगळं कळतं, असं धरलेलं असतं. तुमच्या बाबतीत दोन्ही खोटं आहे. चार घरं बघून तुम्ही परत १९कडेच आलात. म्हणजे शोधणं संपलंय, ते मान्य करा. तपासणं राहिलंय.

वहीवाली
नऊ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार. मागच्या_बाकावरून यांचं शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याने फोनला नमस्कार केला.

खिडक्या दक्षिण आणि पूर्व. सुटले. रात्री साडेदहाला जिन्यात उभे राहिलो, कुणीतरी गाणं शिकतंय, फार वाईट नाही. मीटरचा काटा हलला नाही. कागद वकिलाकडे आहेत.

प्लॅस्टिक. मालक आधी जरा गप्प झाले, मग किल्ली दिली. कॉक उघडून, बादल्या ओतून, तीन दिवस ठेवलं. आतल्या बाजूला थेंब. खाली नाही, वरच्या एक तृतीयांशात.

म्हणून वर गेलो. चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. दार उघडून म्हणाल्या, 'तुमच्याआधी तिघं घर बघून गेले. वर कुणीच आलं नाही.' त्यांनी स्वतःच बाथरूम दाखवलं. कोपऱ्यातल्या दोन फरश्यांमधला सांधा पार उघडा पडलाय, नहाणी ट्रॅपच्या कडेने काळं झालंय. मालकांना हे माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी वर भांडून झालंय, मग त्यांनी भिंत रंगवली. विचारलं तेव्हा नाही म्हणाले नाहीत. तुम्ही विचारलंच नव्हतं, म्हणाले. ते खरं आहे.

घर अजून नाकारलेलं नाही. दुरुस्तीला आजी तयार आहेत, खर्च कोण करणार यावर बोलणी चालू आहेत. पण गळती फक्त तिथूनच आहे हे कसं पक्कं करायचं?

गवंडीपुत्र
वर थेंब, म्हणजे बहुतेक वरूनच. पण बहुतेकवर पैसे देऊ नका. आजींच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप चिंधी कोंबून बंद करा, इंच-दीड इंच पाणी भरा, त्यात रंग टाका, पातळीला भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. २४ तास हात लावायचा नाही. खाली तोच रंग उतरला तर प्रश्न मिटला. नाही उतरला आणि पातळीही तशीच राहिली तर फरशी निर्दोष, मग आजींचे भिंतीतले पाइप बघायचे. आणि तेवढा वेळ खालच्या रिकाम्या घरातलं बाथरूम अजिबात वापरू नका, कॉकही बंद ठेवा, नाहीतर पाणी कुणाचं ते कळणार नाही. आजींकडे दुसरं बाथरूम आहे ना?

वहीवाली
नाहीये. मी त्यांना खालचं वापरा असं सांगणारच होते, बरं झालं लिहिलंत. आता विचारलं. शनिवारी आंघोळीला आमच्याकडे येतायत, आमच्या भाड्याच्या घरी. सासूबाईंनी त्यांच्यासाठी टॉवेलही काढून ठेवलाय.