इन्फ्लिक्सिमॅब लेव्हल: एकच सीरम, दोन किट, दोन आकडे. डॉक्टरांना काय कळवू?

लॅबवाली_नाशिक:
नमस्कार मंडळी, क्रोन्सच्या (आतड्यांना सूज आणणारा जुनाट आजार) एका पेशंटची इन्फ्लिक्सिमॅब लेव्हल, म्हणजे या औषधाचं रक्तातलं प्रमाण, करायची होती. सॅम्पल इन्फ्युजनच्या (शिरेतून औषध देण्याच्या) अगदी आधीचं आहे. आमच्या एलायझा (प्लेटवर अँटीबॉडी वापरून मोजायची टेस्ट) किटवर 3.1 मायक्रोग्रॅम प्रति मिली आलं आणि तेच सीरम बाहेर दुसऱ्या कंपनीच्या किटवर लावलं तर 5.2. दोन्हीकडे कंट्रोल (माहीत असलेल्या लेव्हलचे तपासणी नमुने) रेंजमध्ये, स्टँडर्ड कर्व्हपण छान. डॉक्टर 5 चा कटऑफ धरतात, त्यामुळे डोस वाढवायचा की नाही ते यावरच अडलंय. कुठला आकडा खरा धरू?

प्लेट_रीडर:
ताई, आधी दोन्ही किटच्या प्लेटवर काय कोट केलंय ते बघा. बऱ्याच किटमध्ये टीएनएफ-अल्फा (दाह वाढवणारं प्रथिन, हे औषध त्यालाच रोखतं) असतं, औषध त्याला चिकटतं आणि वरून एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम) लावलेली अँटी-ह्युमन आयजीजी, म्हणजे माणसाच्या अँटीबॉडीला चिकटणारी अँटीबॉडी, टाकतात. अशा किटला इन्फ्लिक्सिमॅब आणि अडॅलिमुमॅब (टीएनएफ रोखणारं दुसरं औषध) यातला फरक कळत नाही, म्हणजे औषध नुकतंच बदललं असेल तर जुनं उरलेलंही त्यात मोजलं जातं. दुसरं म्हणजे कॅलिब्रेटर (ज्याच्याशी तुलना करून आकडा काढतात तो नमुना) प्रत्येक कंपनीचा आपापला. डब्ल्यूएचओचं इन्फ्लिक्सिमॅब स्टँडर्ड आहे, 16/170, ते औषध न घेणाऱ्या माणसाच्या सीरममध्ये मिसळून दोन्हीकडे चालवा, कोण वर वाचतंय कोण खाली ते लगेच दिसेल.
आणि डायल्यूशन! सीरम शंभरपट वगैरे पातळ करताना पिपेट जेवढं चुकेल तेवढाच रिझल्ट हलतो, आणि कंट्रोल आधीच पातळ केलेले येत असतील तर ही चूक कंट्रोलमध्ये दिसणारच नाही, 450 नॅनोमीटरला कर्व्ह कितीही सुंदर येऊ दे. माझा पहिला संशय तिथेच.

पोटाचा_डॉक्टर:
पेशंटला त्रास होतोय का ते आधी सांगा. अमेरिकन गॅस्ट्रो असोसिएशनने 2017 मध्ये जो 5 सुचवला (अडॅलिमुमॅबला 7.5) तो आजार ॲक्टिव्ह असलेल्यांसाठी. त्रास असेल आणि लेव्हल कमी, तर औषधाविरुद्धच्या अँटीबॉडी बघितल्याशिवाय डोसला हात लावू नका. अँटीबॉडी नसतील तर डोस वाढवून किंवा आठ आठवड्यांचं अंतर कमी करून बहुतेकदा फायदा होतो, पण भरपूर असतील तर तेच औषध आणखी ओतून पेशंटचे पैसे जातात आणि आजार तसाच. फक्त ब्रिजिंग एलायझा (अँटीबॉडीला औषधाच्या दोन रेणूंमध्ये पकडणारी टेस्ट) असेल तर रक्तात औषध असताना अँटीबॉडी लपतात, तेव्हा निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त राहू नका.

लॅबवाली_नाशिक:
त्रास आहे हो सर, जुलाब परत सुरू झालेत. आधी दुसरं बायोलॉजिक (अशा प्रकारचं जैविक औषध) नव्हतं. चालू आहे ते बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाची दुसऱ्या कंपनीची आवृत्ती), किट मात्र मूळ औषधावर बनवलेलं, त्याने फरक पडेल?

प्लेट_रीडर:
सहसा नाही. सीटी-पी13 हे इन्फ्लिक्सिमॅबचं बायोसिमिलर युरोपात 2013 ला मंजूर झालं, ते या किटवर साधारण मूळ औषधासारखंच वाचतं. तरी तुमच्या किटवर कुठली बायोसिमिलर तपासलीत ते कंपनीकडून लेखी मागवाच. आणि रिपोर्टवर किटचं नाव, लॉट नंबर, सॅम्पलची वेळ टाका. या पेशंटचं पुढचं प्रत्येक सॅम्पल त्याच किटवर लावा, नाहीतर लेव्हल वाढली की किट बदललं हे डॉक्टरांना कळणार कसं?

पोटाचा_डॉक्टर:
सहमत. उरलेलं सीरम टाकून देऊ नका ताई, अँटीबॉडी त्यातच करा.