विषय: थंडी आली, फ्रीजरमध्ये काय काय भरता?

प्रेषक: टिळकनगरहून

सर्वांना नमस्कार,

आम्ही परदेशातून आता कायमचे इंदूरला आलो आहोत. तिकडे फ्रीजरमध्ये दुकानातली पाकिटं असायची, पराठ्यांपासून खवलेल्या नारळापर्यंत. इथे चोइथराम मंडीत मटारचे ढीग लागलेत आणि सासूबाई रोज विचारतात, "सोलायला कधी बसायचं?" मी नोकरी करते, हाताशी फक्त शनिवार-रविवार. भाज्या, उसळी करून डबे भरून ठेवू का? की आणखी काही? आपल्या घरांत खरोखर काय ठेवतात ते सांगाल का?

—

प्रेषक: रामबागेहून
उत्तर: फ्रीजरमध्ये काय काय भरता?

अगं, तुला एकेरीच हाक मारते, माझ्या सुनेच्या वयाची असशील.

तयार भाज्यांचे डबे अजिबात भरू नकोस. बटाट्याचा रस्सा गोठवून काढला की बटाटा रवाळ, पाणचट होतो, आणि दह्यातली कढी फाटते. शिवाय गरम करून वाढलेलं ते अन्न घरात कुणी मनापासून खात नाही. ज्या कामाला वेळ आणि कंबर लागते तेवढंच काम आधी करून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि फोडणी मात्र त्या दिवशीच द्यायची. सोलणं, खवणं, वाटणं, वाफवणं हे रविवारी. तेल तापवणं रोजचं.

पहिला मान मटारचा. जानेवारीत मालवा मिलच्या बाजारात तो स्वस्त होतो आणि दाणा गोडही असतो, तेव्हाच घ्यायचा. सोललेले दाणे खळखळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग चाळणीत निथळून जुन्या धोतरावर पसरायचे. पूर्ण कोरडे झाले पाहिजेत, हे नीट बघ. नंतर स्टीलच्या ताटात एक थर लावून ताट तसंच फ्रीजरमध्ये. दाणे गोट्यांसारखे सुटे कडक झाले की पिशव्यांत भरायचे. उकळत्या पाण्याची पायरी गाळू नकोस. दाण्यातली एन्झाइम्स थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि दोन महिन्यांत रंग उडून गवतासारखा वास येतो. उकळीने ती थांबतात.

पिशवी एका वेळच्या भाजीपुरतीच असावी, चपटी, हवा दाबून काढलेली. हवा राहिली की मटारावर पांढरे कोरडे चट्टे पडतात. विषारी नसतात, पण चव जाते.

हरभऱ्याच्या छोडाचंही, म्हणजे ओल्या हिरव्या दाण्यांचंही, असंच कर. मटारापेक्षा छोड सोलणं जास्त किचकट, नखं हिरवी होतात, म्हणूनच ते साठवण्यात जास्त फायदा. मार्चनंतर पाहुणे आले की छोडाची कचोरी करता येते, आणि इंदुरात पाहुण्याला ती मिळाली की बाकी काही विचारावं लागत नाही.

नारळाचं सांगते. आपल्याकडे झाड नाही, दक्षिणेकडून येतो तो नारळ. चार-पाच एकदम फोडून खवायचा आणि पिशवीत पातळ वडीसारखा थापायचा. लागेल तेवढा तुकडा मोडून घ्यायचा. पातळ थापला तरच मोडतो. डब्यात गच्च भरलास तर सकाळी सुरी घेऊन झगडत बसशील.

पुरण तर फ्रीजरसाठीच जन्मलंय. गुळामुळे ते दगड होत नाही. होळीच्या आधीच्या रविवारी डाळ शिजवून, गूळ-वेलची घालून, वाटून पाव-पाव किलोचे गोळे करून ठेव. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढलं की सकाळी पोळी लाटायला तयार. वेगळा काढलेला कटही एका डब्यात गोठव, आमटीला तोच लागतो.

अळूवडीचे उंडे वाफवून, पूर्ण गार करून, अख्खे गुंडाळून ठेव. तळायच्या अर्धा तास आधी बाहेर काढ. आतून अजून घट्ट असताना सुरी मारलीस की वडी स्वच्छ, गोल कापली जाते, पापुद्रे सुटत नाहीत. ताज्या उंड्याला हे जमत नाही, म्हणून मी ताजा उंडाही आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवते. कोथिंबीर वडीचंही तसंच.

भुट्ट्याच्या किसाबद्दल माझं मत ऐक. कच्चा कीस गोठवला की पाणी सुटतं आणि पुढे दुधात तो एकजीव होत नाही. पावसाळ्यात तुपावर परतून घेतलेला कीस गार करून ठेवला, तर नंतर दूध-मसाला घालून बरा होतो. सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, किसाची सर त्याला नाही, पण डिसेंबरात खायला मिळतो.

एकदा बाहेर काढून सैल झालेलं पुन्हा गोठवू नकोस. प्रत्येक पिशवीवर तारीख घाल, स्केच पेनने, चिकटपट्टीवर.

— रामबागेतल्या काकू

—

प्रेषक: सुदामानगरहून
उत्तर: फ्रीजरमध्ये काय काय भरता?

काकूंच्या पत्राला पुष्टी देतो. आपल्याकडच्या अनेक फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर चांदण्या छापलेल्या असतात, त्या आधी पाहा. एक चांदणी म्हणजे उणे 6 अंश, दोन म्हणजे उणे 12, तीन म्हणजे उणे 18. एका चांदणीत माल आठवडाभर, दोनमध्ये महिनाभर, तीनमध्ये तीन महिने किंवा जास्त. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये वर्षभराचा मटार भरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. जंतू थंडीने मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात.

ताटात एका थरात गोठवण्यामागे शास्त्र आहे. सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशी फाडतात. अमेरिकन संशोधक क्लॅरेन्स बर्ड्सआय 1912 साली लॅब्रॉडॉरला गेला. कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठलेला मासा शिजवल्यावरही ताज्यासारखा लागतो, हे त्याने तिथल्या इन्यूइट लोकांकडे पाहिलं. त्यावरूनच झटपट गोठवण्याची यंत्रं आली, आणि मार्च 1930 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेला माल विक्रीला लागला.

दुरुस्तीसाठी वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर जवळपास 48 तास टिकतो, अर्धा भरलेला 24. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात, काठोकाठ भरू नयेत.

—

प्रेषक: टोरांटोहून (माहेर बक्षी गल्ली)

काकू, वाचता वाचता तोंडाला पाणी सुटलं. गराडूचं, आपल्या थंडीतल्या तळून खायच्या कंदाचं, काहीच लिहिलं नाहीत! डिसेंबरात आईकडे येतेय. कच्चे तुकडे गोठवून ठेवायला सांगू का तिला?

—

प्रेषक: रामबागेहून

कच्चे नको गं, काळे पडतात. हाताला तेल लावून सोलायचे, नाहीतर खाज सुटते. मोठे तुकडे मिठाच्या पाण्यात ऐंशी टक्के शिजवायचे, फडक्यावर कोरडे करायचे आणि मटारासारखे ताटावर गोठवून पिशवीत भरायचे. तळताना सैल होऊ देऊ नका, थोडे थोडे करून थेट तेलात. पाणी उडतं, म्हणून कढई खोल घ्या. मंद आचेवर एकदा तळून काढा, दोन मिनिटं थांबून मोठ्या आचेवर पुन्हा सोडा, कडा लाल होईपर्यंत. जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि लिंबू मात्र ताटात वाढल्यावरच.

आईला सांग, गराडू आत्तापासून घेऊन ठेव म्हणावं.