चिठ्ठी दिसते, पण मोजतं कोण?

'व्हीव्हीपॅट आहे ना, मग आणखी कागदाचा आग्रह कशाला?' असं काहीजण विचारतात. व्हीव्हीपॅट म्हणजे मतदान यंत्राला जोडलेलं, मत कुणाला दिलं याची चिठ्ठी छापणारं यंत्र. अहो, चिठ्ठी छापली जाणं वेगळं आणि ती मोजली जाणं वेगळं. काचेमागे दिवा लागतो, नाव-चिन्ह सात सेकंद दिसतं आणि चिठ्ठी तुटून खालच्या पेटीत. आमच्या आईचा चष्मा पर्समधून निघेपर्यंत तिची चिठ्ठी पडलीसुद्धा होती!

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानं कागद आला. मोजणीचं मात्र २०१९पासून असं आहे की दर विधानसभा क्षेत्रात सोडत काढून ५ केंद्रं निवडायची आणि तिथल्याच चिठ्ठ्या मोजायच्या. सगळ्या मोजा ही मागणी एप्रिल २०२४मध्ये फेटाळली गेली.

शितावरून भाताची परीक्षा मलाही मान्य आहे. पण शितं किती, हे भात बघून ठरवा की! एक उमेदवार साठ हजारांनी जिंकतो, दुसरा चारशेनं, आणि तपासायची केंद्रं दोन्हीकडे पाचच? अमेरिकेत कोलोरॅडोनं २०१७पासून राज्यभर लावलेल्या पद्धतीत फरक जितका कमी, तितके जास्त कागद तपासतात. सगळी मोजणी हातानं करायची गरज नाही, आणि उगाच शंकाही उरत नाही.

आपल्याकडे निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ५६ड नुसार उमेदवार चिठ्ठ्या मोजायची मागणी करू शकतो, आणि यंत्राचे व चिठ्ठ्यांचे आकडे जुळले नाहीत तर चिठ्ठ्यांचाच आकडा धरतात. म्हणजे कागद वरचढ, हे कायद्यानं आधीच मान्य केलंय. फक्त ती मागणी मंजूर करायची की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो.