घरचं बीपी मशीन आणि पाऱ्याचा हट्ट

चाफा: 'डिजिटल मशीनं खेळणी आहेत, बीपी दवाखान्यातच मोजा' ही कालची पोस्ट पटली नाही. जिना चढून आलेल्या पेशंटला लगेच पट्टा बांधायचा, वर गप्पाही मारायच्या. तो आकडा खरा? डॉक्टर दिसताच कित्येकांचं बीपी चढतं. त्यावर गोळी वाढवायची? घरी पाच मिनिटं टेकून बसा, सकाळ-संध्याकाळ मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. असे ७ दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरची मर्यादा १३५/८५, दवाखान्यातली १४०/९०.

जुनाजाणता: पोस्ट माझीच, आणि मी ठाम आहे. आम्ही स्टेथोस्कोपनं ऐकतो तो नाडीचा आवाज डिजिटल मशीन ऐकतच नाही. पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपतं आणि वरचं-खालचं बीपी कंपनीच्या सूत्रानं काढतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकारात, नाडी वेडीवाकडी असली की आकडा भरकटतो. दुकानदार हे सांगतो? पाऱ्याच्या मशीनला तोड नाही.

ओपीडी-टेबल: पारा आणणार कुठून? पाऱ्याचा वापर आवरणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानं अशी मशीनं बनवणं बंद करायला २०२० ची मुदत घातली, सवलत मागणाऱ्या देशांना थोडी पुढची.

जुनाजाणता: कान लावून ऐकायचा कंटाळा, आणि दोष पाऱ्याला!

ओपीडी-टेबल: कंटाळा? नळी फुटली की फरशीच्या फटीत गेलेल्या पाऱ्यावर झाडू फिरवून तो खोलीभर पसरवतात. तो जाड कागदानं गोळा करून हवाबंद डब्यात भरायचा असतो. आणि तुमच्या कानाचे आकडे बघा: १३०, १४०, १५०. सगळ्यांचं बीपी शून्यावरच संपतं?

जुनाजाणता: मग पाऱ्याऐवजी काट्याचं मशीन घ्या. एकदा आपटलं की काटा शून्यावर येत नाही, कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासून घ्यायला, कुणी पाठवत नाही. ते चालतं का तुम्हाला?

रानजाई: पाऱ्यावरच किती भांडाल? खरी चूक पट्ट्यात आहे. खांदा ते कोपर यांच्या मधोमध टेपनं दंडाचा घेर मोजा. ३६ सेंमी दंडाला २२-३२ सेंमी दंडासाठीचा पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं. हात छातीच्या १० सेंमी खाली लोंबला तर ७-८ नं वाढतं. लघवी तुंबलेली, पायावर पाय, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू: हे सगळं आकड्यात उतरतं.

जुनाजाणता: ठीक. नाडी नियमित आणि पट्टा मापाचा असेल तर घरची वही बघू. मनगटी मशीन मात्र नको.

चाफा: मनगटी कुणी म्हटलं? पण दवाखान्यातही पाच मिनिटं बसवा, एवढं कबूल करा.

रानजाई: आणि पेशंटनं वर्षातून एकदा स्वतःचं मशीन दवाखान्यात न्यावं. त्याच दंडावर दोन्ही मशीननं आलटून पालटून मोजा. फरक सतत १० च्या वर राहिला तर घरचं मशीन बदला.