फक्त कामाचे मेसेज

मंजिरी (बी-२०३): सगळ्यांना नमस्कार. माझ्या गाडीची पुढची चाकं कोणी बघितली का? नसतील तर फोटो टाकलेत, बघा. ॲल्युमिनियमची अलॉय चाकं आहेत, त्यांवर पांढरे ढग आलेत. गाडी धुणाऱ्या मुलाने संडास साफ करायचं लिक्विड लावलं. वर मलाच सांगतो, "दीदी, भूरे दाग जा ही नहीं रहे थे." आता बोला.

सप्रे काका (ए-१०१): मूळ मुद्दा वेगळा आहे. सोसायटीच्या टाकीला पाइप लावून गाड्या धुणं बंद व्हायला हवं. मार्चच्या मीटिंगमध्ये ठरलंय. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, हे लोक विसरतात.

मंजिरी (बी-२०३): काका, मी पाण्याबद्दल बोलतच नाहीये.

भागवत (सेक्रेटरी): मंजिरीताई, त्या मुलाशी बोलतो. चांगला मुलगा आहे, सी विंगमध्ये कुणाचीच तक्रार नाही.

मंजिरी (बी-२०३): सी विंगच्या निम्म्या गाड्यांना अलॉय नाहीतच, कॅप आहेत. तक्रार कशाची करतील?

देव (बी-५०२): आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं आणि आपली चाकं ही अशी 😀

लेले काकू (ए-३०४): मंजिरी बेटा, चिंच लाव. तांब्याची घागर कशी लखलखते बघ. नाही निघालं तर सोडा टाक, आणि थोडी ब्लीचिंग पावडर.

निखिल (सी-४०४): काकू, प्लीज! ब्लीचिंग आणि त्या संडासाच्या लिक्विडचा मेळ घालू नका कुणी. त्यातून क्लोरीन वायू निघतो, पार्किंगमध्ये श्वास घेता येणार नाही. आणि सोडा म्हणजे खायचा ना? नालीत टाकतात तो कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो.

लेले काकू (ए-३०४): खायचाच रे. मला काय चाकं जाळायची आहेत का.

सप्रे काका (ए-१०१): ब्लीचिंग पावडर टाकी धुवायला आणली होती. ती गाडीला कुणी लावली?

भागवत (सेक्रेटरी): कुणीही लावलेली नाही, काका.

मंजिरी (बी-२०३): निखिल, मूळ डाग कशाचे होते ते तरी सांग. पावसाळाभर गाडी धूत होतो, तरी पुढच्या दोन चाकांवर तपकिरी ठिपके. मागची बरी आहेत.

निखिल (सी-४०४): मागची बरी आहेत यातच उत्तर आहे ताई. ब्रेक लावताना भार पुढे येतो, त्यामुळे पुढच्या ब्रेकवर जास्त काम पडतं. ब्रेकचं पॅड आणि बिडाची डिस्क घासून बारीक भुकटी उडते, ती गरम असते, चाकाच्या लॅकरला, म्हणजे वरच्या पारदर्शक थराला, चिकटते. त्यातल्या लोखंडाला पाणी लागलं की ते गंजतं. मागे ड्रम ब्रेक असेल तर भुकटी बरीचशी आतच राहते. काळ्या मातीचा चिखल असता तर चारही चाकं सारखी झाली असती.

देव (बी-५०२): म्हणजे दोष राजवाड्याच्या ट्रॅफिकचा. तिथे गाडी चालते कमी, थांबते जास्त.

निखिल (सी-४०४): खरंच आहे. हायवेवरच्या गाड्यांना इतकं होत नाही.

देव (बी-५०२): माझ्या इलेक्ट्रिकला तर होतच नाही. मोटरच गाडी अडवते, पॅड आरामात. सोसायटीने सब्सिडी द्यावी 😀

सप्रे काका (ए-१०१): तुमच्या चार्जरचं मीटर वेगळं बसवायचं राहिलंय, ते आधी सांगा.

देव (बी-५०२): 🙏

अनघा (सी-१०२): माफ करा, मधेच. डांबर पडलं त्या आठवड्यापासून माझ्या चाकाच्या कडेला काळे ठिपके आहेत. तेही हेच का?

निखिल (सी-४०४): ते डांबरच असेल. कपड्याला थोडं रॉकेल लावून जिथे आहे तिथेच पुसा, मग शॅम्पूने धुवा. पण ते डिस्कवर अजिबात जाऊ देऊ नका, पॅड चिकट झालं की ब्रेक नीट लागत नाही. आणि पांढरी वर्तुळं असतील तर ते बोअरच्या पाण्याचे क्षार. व्हिनेगर निम्म्या पाण्यात, दोन मिनिटं, लगेच धुवायचं.

लेले काकू (ए-३०४): बघा, शेवटी आंबटच लागलं.

निखिल (सी-४०४): हो काकू, पण ते पाण्याच्या डागाला. ब्रेकच्या ठिपक्याला नाही.

मंजिरी (बी-२०३): माझ्या पांढऱ्या ढगांचं काय? त्यावर कोणी बोलत का नाही?

निखिल (सी-४०४): तेच सांगायला कचरत होतो. बोटांवर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून त्या जागेवर हलकं फिरवा. खरखरीत कण लागले तर लोखंड अजून बसलेलं आहे, ते काढता येईल. गुळगुळीत असूनही पांढरट दिसलं, तर ॲसिडने वरचं लॅकर गेलं. ते कुठल्याही बाटलीने परत येत नाही. पॉलिशने थोडं बरं दिसेल, खरं काम म्हणजे चाक पुन्हा कोट करून घेणं. नटांनाही गंज चढला असेल, बघून घ्या.

मंजिरी (बी-२०३): गुळगुळीतच आहे. आत्ता खाली जाऊन बघून आले.

भागवत (सेक्रेटरी): ताई, खर्चाचं आपण बसून बोलू. ग्रुपवर नको.

मंजिरी (बी-२०३): ग्रुपवर का नको? मुलाला कामावर लावताना ग्रुपवरच सांगितलं होतं ना, "आपला माणूस आहे" म्हणून?

सप्रे काका (ए-१०१): पुन्हा सांगतो. मुद्दा एवढाच आहे की टाकीला पाइप लावून गाड्या धुणं बंद व्हायला हवं. मार्चमध्ये ठरलंय. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं.

अनघा (सी-१०२): त्या मुलाला ओरडून काय होणार? त्याला ना बाटली दिली ना ब्रश. एक बादली आणि एकच फडकं. त्याच फडक्याने चाक, त्यानेच काच. मी स्वतः बघितलंय.

निखिल (सी-४०४): अनघाताई बरोबर आहे. चाकाची वाळू त्याच फडक्याने बॉनेटवर गेली की चरे पडतात. चाकाला वेगळी बादली, मऊ ब्रश. तारेची घासणी तर लांबच ठेवा.

देव (बी-५०२): आणि त्या लोखंडाचं औषध काय, भिया? सस्पेन्स संपव.

निखिल (सी-४०४): आयर्न रिमूव्हर. थायोग्लायकोलेट नावाच्या रसायनाचं. थंड चाकावर, सावलीत, फवारायचं. दोन-तीन मिनिटांत जांभळं ओघळायला लागतं, म्हणजे लोखंड विरघळतंय. वाळू द्यायचं नाही, ब्रश फिरवून भरपूर पाण्याने धुवायचं. उरलेले हट्टी कण क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने. शेवटी व्हील वॅक्स लावलं तर पुढच्या वेळी नुसत्या शॅम्पूने निघतं. माझ्याकडे अर्धी बाटली आहे, रविवारी सकाळी ज्यांना हवं त्यांनी या. हातमोजे घालून.

सप्रे काका (ए-१०१): "भरपूर पाण्याने" हे शब्द सगळ्यांनी वाचले ना?

निखिल (सी-४०४): काका, पाइप नाही. बादल्या.

लेले काकू (ए-३०४): वास येतो का रे त्याला?

निखिल (सी-४०४): थोडा. कुजक्या अंड्यासारखा.

लेले काकू (ए-३०४): रविवारी संकष्टी आहे!

देव (बी-५०२): अंडं नाही काकू, फक्त वास. उपास मोडत नाही 😀

लेले काकू (ए-३०४): तुझ्या आईला सांगते हं, उपासाची थट्टा करतोस ते. माझी बाल्कनी पार्किंगवरच आहे.

मंजिरी (बी-२०३): मग शनिवारी?

भागवत (सेक्रेटरी): शनिवारी टाकी धुणार आहेत. नोटीस लावलेली आहे, कुणी वाचत नाही.

सप्रे काका (ए-१०१): मी वाचली.

निखिल (सी-४०४): ठीक, सोमवारी सकाळी, ऑफिसच्या आधी. सी विंगच्या मागे, काकूंच्या बाल्कनीपासून लांब. गाडी आदल्या रात्रीच लावून ठेवा, चाकं थंड हवीत. धुतल्यावर डिस्कवर लालसर गंज दिसला तर घाबरू नका, हळू चालवून दोन-चारदा ब्रेक दाबले की जातो. त्या मुलालाही बोलावतो, बघून शिकेल.

मंजिरी (बी-२०३): त्याला शिकवा, हरकत नाही. पण माझ्या चाकांचं कोटिंग कुणाच्या खात्यातून, ते भागवतकाका सोमवारी सगळ्यांसमोर सांगतील.

भागवत (सेक्रेटरी): ताई, सोमवारी मी उज्जैनला आहे.

अनघा (सी-१०२): सोमवारी कुणी उज्जैनला, कुणी देवासला. मंगळवारी मीटिंग ठेवा, विषय एकच.

सप्रे काका (ए-१०१): दोन विषय.