त्रास काही नाही तरी कोलोनोस्कोपी करायची का?

सांगलीकर: नमस्कार मंडळी. मिसेसला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार) आहे, 2015 ला निदान झालं, डाव्या बाजूचं आतडं. मेसालामाइन (आतड्याची सूज कमी करणारं औषध) चालू आहे, बरेच दिवस रक्त नाही की जुलाब नाहीत, एकदम ठणठणीत. आता डॉक्टर म्हणतायत कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं तपासणं) करा, कॅन्सरच्या आधीचे बदल बघायचेत. कॅलप्रोटेक्टिन (शौचाची टेस्ट) नॉर्मल आलंय, मग परत ते प्रेपचं, म्हणजे पोट साफ करायचं पाणी पिऊन हाल कशाला, असं तिचं म्हणणं आणि मलाही पटतंय.

पोटोबा: अहो कॅलप्रोटेक्टिन सूज सांगतं, डिस्प्लेजिया (पेशींतले ते कॅन्सरच्या आधीचे बदल) नाही सांगत. साधारण 8 वर्षं झाली की ही तपासणी सुरू करतात आणि ती वर्षं त्रास सुरू झाल्यापासून मोजायची, निदानापासून नाही. फक्त रेक्टमपुरता (गुदाशयापुरता) आजार असता तर सहसा सोडून देतात. आणि बरं असतानाच करायची, कारण फ्लेअरमध्ये (आजार उसळलेला असताना) सुजलेल्या पेशी अशा काही दिसतात की पॅथॉलॉजिस्टलाही ठामपणे सांगता येत नाही.

स्कोपवाली: एंडोस्कोपीला नर्स आहे म्हणून सांगते, कोलायटिसमधले हे बदल बरेचदा पॉलिपसारखे लोंबत नाहीत, चपटे असतात, साध्या नजरेला सुटतात. म्हणून इंडिगो कार्मीन नाहीतर मिथिलिन ब्लू फवारतात, रंग बारीक खाचांत बसतो आणि तेवढाच खडबडीत तुकडा उठून दिसतो, मग तिथलीच बायोप्सी. पूर्वी दर 10 सेंमीला 4 तुकडे घ्यायचे, आता चांगल्या एचडी स्कोपनेही बरंच दिसतं. पण पोट साफ नसेल तर सगळं मुसळ केरात, त्यामुळे प्रेप अर्धं आदल्या रात्री, अर्धं सकाळी, डॉक्टर सांगतील तसं, कंटाळा करू नका ताईंना म्हणावं.

जुना_पेशंट: माझ्यात लो ग्रेड (सौम्य) डिस्प्लेजिया निघालं होतं, मी तर धसकाच घेतला की आता आतडंच काढणार. पण दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनेही स्लाइड बघितली, जागा नीट दिसत होती म्हणून स्कोपमधूनच काढली. आता लवकर लवकर बोलावतात एवढंच. आणि हो, पीएससी म्हणजे पित्तनलिकांचा आजार सोबत असेल तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी करतात, 8 वर्षं थांबत नाहीत, ते एकदा विचारा.

सांगलीकर: धन्यवाद सगळ्यांना. आत्ता विचारलं तर म्हणते रक्त 2013 च्या गणपतीतच पडत होतं, मूळव्याध समजून अंगावर काढलं 🤦 लिव्हरचे जुने रिपोर्ट शोधतोय, रंग फवारणार का तेही विचारून सोमवारी तारीख घेतो.