डेल्फ बी२ नंतर फ्रेंच वाचन-लेखन घरबसल्या कसं वाढवावं?

गोदाकाठ
नमस्कार. मी नाशिकला असते, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीसाठी फ्रेंच कागदपत्रांचं भाषांतर करते. डेल्फ बी२ ही फ्रेंचची परीक्षा होऊन काही वर्षं झाली. मॅन्युअल, ऑर्डरी, ईमेल यांत काही अडत नाही. पण फ्रेंच वर्तमानपत्रातला मतप्रदर्शनाचा लेख हातात घेतला की तिसऱ्या परिच्छेदात धागा सुटतो. शब्द कळतात, लेखक कुणाच्या बाजूने बोलतोय तेच कळत नाही. आणि लिहायला बसले की वाक्यं शाळकरी होतात: मला वाटतं, पण, म्हणून, पुन्हा पण.

आता त्याच्या वरच्या पातळीच्या परीक्षेला, डाल्फ सी१ला, बसायचं ठरवलंय. या पातळीचा वर्ग मला इथे मिळाला नाही. एक ऑनलाइन कोर्स केला, त्यात सगळा वेळ संभाषणात गेला, लिहून पाठवलेलं तपासून कधी आलंच नाही. नोकरी सांभाळून हे कसं करावं? कुणी केलंय का?

तळेगावकर
आधी एक विचारतो, परीक्षा कशासाठी? कॅनडात स्थायिक होण्याच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेसाठी असेल तर डाल्फ चालत नाही, टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात. डाल्फचं प्रमाणपत्र मात्र कायमचं. आमच्या ओळखीत एकाने हे न बघता फी भरली होती, म्हणून लिहिलं.

गोदाकाठ
नाही हो, कॅनडा नाही. मला भाषांतरात तांत्रिक कामाच्या पुढे जायचंय.

मृण्मयी_पुणे
गोदाकाठ, मी सी१ची तयारी ऑनलाइनच करून घेते, आणि तुम्ही सांगितलेली अडचण बी२ झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला येते. शब्दसंग्रह वाढवून ती सुटत नाही, म्हणून याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका.

लेखक कुणाच्या बाजूने आहे ते का निसटतं? फ्रेंच लेखक विरोधकाचं म्हणणं आधी स्वतःच मांडतो. परिच्छेद 'सेर्त'ने (certes, 'हे खरं की') सुरू झाला की समजा, पुढचं वाक्य त्याचं नाही, समोरच्याचं मान्य केलेलं आहे. त्याचं स्वतःचं 'मे' (पण) किंवा 'पुर्ताँ' (तरीही) नंतर येतं, कधी चार ओळींनी. दुसरी खूण क्रियापदात असते. बातमीत 'ल गूव्हेर्नमाँ ओरे देसिदे' असं दिसलं तर तिथे संकेतार्थ, म्हणजे जर-तरचा अर्थ, नाही. सरकारने म्हणे ठरवलंय, आम्ही खात्री देत नाही, एवढाच अर्थ. हे आपल्या 'म्हणे'चं काम आहे, मराठी माणसाला एकदा सांगितलं की पुन्हा चुकत नाही.

आता लेखन. सी१चा लेखी भाग अडीच तासांचा. त्यात आधी सँतेझ: एकाच विषयावरचे दोन-तीन उतारे, मिळून साधारण १००० शब्द, त्यांचं २२० शब्दांच्या आसपास एकसंध लेखन. मग त्याच विषयावर किमान २५० शब्दांचा निबंध. सँतेझमध्ये स्वतःचं मत एका शब्दानेही येता कामा नये, उताऱ्यातली वाक्यं उचलायची नाहीत, आणि 'पहिला उतारा असं म्हणतो, दुसरा तसं म्हणतो' ही मांडणी तर नकोच. मुद्दे तुम्ही नव्याने रचायचे. आपल्याकडे शाळेपासून सारांशलेखनाची सवय असते, तीच इथे आड येते.

म्हणून वाचन आणि लेखन वेगळं काढू नका. आठवड्याला एकच विषय घ्या, त्यावर एकमेकांशी न पटणारे दोन लेख शोधा. द कन्व्हर्सेशनची फ्रेंच आवृत्ती फुकट आहे, लेख प्राध्यापक-संशोधकांचे असतात आणि लांबी बरोबर बसते. उदाहरणार्थ फ्रान्समधली कमी अंतराच्या विमानांवरची बंदी. कायदा २०२१चा, आदेश मे २०२३मध्ये निघाला, रेल्वेने अडीच तासांच्या आत पोचता येत असेल तर विमान नाही. प्रत्यक्षात बंद झाले ते पॅरिसच्या ओर्ली विमानतळाहून नाँत, लियाँ आणि बोर्दोला जाणारे तीनच मार्ग. एक लेख याला पहिलं पाऊल म्हणेल, दुसरा नुसता देखावा. त्या दोघांची सँतेझ करा.

करताना एक गोष्ट मुद्दाम घोटा. 'सरकारने कमी अंतराची विमानं बंद केली, त्यामुळे प्रवासी नाराज झाले' अशी दोन क्रियापदांची वाक्यं आपण लिहितो. लेखी फ्रेंच पहिलं क्रियापद नामात बदलते: 'ला सुप्रेसियाँ दे व्होल कूर' (कमी अंतराची विमानं बंद करणं) हा कर्ता, आणि पुढे एकच क्रियापद. सगळा मजकूर एकदा लिहून झाला की निळ्या पेनाने क्रियापदं अधोरेखित करा आणि निम्म्यांची नामं करून बघा. शाळकरीपणा जातो तो इथेच. जोडशब्दांची यादी पाठ करून तो जात नाही, उलट मजकूर ठिगळं लावल्यासारखा दिसतो.

कोशासाठी फ्रेंच-इंग्रजी ॲप बंद करा. सीएनआरटीएल या फ्रेंच-फ्रेंच कोशाच्या साइटवर अर्थ, समानार्थी शब्द आणि व्युत्पत्ती फुकट मिळते. व्याकरणाच्या शंकांना क्वेबेकची 'वित्रीन लँगिस्तिक' फार चांगली आहे.

गोदाकाठ
खूप आभार. 'सेर्त'चं वाचून कालचाच लेख पुन्हा उघडला, मी लेखकाला नेमकं उलट समजत होते! पण तपासायचं कुणी? चॅटजीपीटीला दिलं तर ते सगळंच नव्याने लिहून देतं. आणि शब्द कसे मोजतात?

मृण्मयी_पुणे
त्याला सांगा, दुरुस्ती करू नकोस, फक्त चूक कुठल्या ओळीत आहे आणि कुठल्या प्रकारची आहे ते दाखव. दुरुस्ती तुम्हीच करायची, नाहीतर हाताला काही लागत नाही. तरीही महिन्यातून एक तरी लेखन माणसाकडून तपासून घ्या, मांडणी फसली असेल तर ती माणसालाच दिसते.

शब्दमोजणी: दोन मोकळ्या जागांमधला मजकूर म्हणजे एक शब्द. त्यामुळे 'सेतादीर' (c'est-à-dire, म्हणजे) लिहिताना कितीही चिन्हं आली तरी तो एकच.

तळेगावकर
गुणांचंही सांगून ठेवतो. चार भाग, प्रत्येकी २५. एकूण ५० लागतात, पण कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर बाकी कितीही असोत, नापास.

मृण्मयी_पुणे
बरोबर. गोदाकाठ, विमानबंदीवरची पहिली सँतेझ झाली की याच धाग्यावर टाका, ओळ-ओळ बघून देते. हातानेच लिहा आणि वेळ लावून लिहा, पहिल्यांदा दोन तास लागले तरी चालतील.